त्रेसष्ट हिरवे गोल

४ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझा बाप ठीक, तुझी आई ठीक, मी तर काय, लोखंडाची. तू कशी आहेस ते फोनवर कळतंच, पण पत्रात विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते.

हे पत्र शेजारचे अण्णा लिहून देत आहेत. जन्मभर छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले त्यांनी. अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला त्यातलं काय कळणार, पण ओळी सरळ दिसतात. बसल्या बसल्या म्हणाले, "वहिनी, आधी 'पत्रास कारण की' घालायला हवं." म्हटलं, "आणि कारण नसलं तर?" म्हणाले, "तरी घालायचं." तर पत्रास कारण की अण्णांना ते घालायचं होतं. आमची अट अशी ठरली आहे की मी बोलेन ते सगळं लिहायचं आणि पदरचं एक अक्षर टाकायचं नाही. शेवटी मला वाचून दाखवायचं. त्यांनी मान्य केलं आहे, पण चेहरा मला पसंत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी हो हो करते. आणि तोंड दाखवून बोलायचा तो फोन तर बंदच पडला आहे, कॅमेरा बिघडला आहे. तुझ्या बापाला दुरुस्त करून आण म्हटलं तर त्याला वेळ नाही. असू दे. माझं तोंड तुला पाठ आहे.

तू परवा विचारलंस, "आजी, तुला बारीकसारीक गोष्टी दिसतात तरी कशा?" तुझ्या मोठ्या मॅडम म्हणाल्या म्हणे की मुलीचं काम देखणं आहे, पण नजर बारीक नाही. आणि तू रडलीस. रडली नाहीस असं तू सांगितलंस, पण नाक सांगत होतं.

मागच्या ठिकाणी असंच कोणी काही बोललं आणि तू दुसऱ्या दिवशी टेबल आवरून घरी आलीस. त्या वेळी मी काही बोलले नाही. या वेळी आधीच बोलून ठेवते: मॅडम बोलल्या ते बरं झालं. बोलत नाहीत ती माणसं वाईट. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तुझं काम काय, हे मी चारचौघांत सांगते तेव्हा म्हणते, माझी नात मोबाइलच्या आतल्या खोल्या बांधते. दार कुठे, खिडकी कुठे, दिव्याचं बटण कुठे, ते सगळं तिच्या हातात. माझं काम तुला माहीत आहे. एकतीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं धुतली, उकळली, ट्रेवर मांडली. सगळे मला मावशी म्हणत, मोठे डॉक्टरसुद्धा. तुझा पडदा आणि माझा ट्रे यांत फार फरक नाही. दोन्हींकडे माणूस येतो तो घाईत, आणि त्याची नजर दुसरीकडेच असते.

नव्या बायका यायच्या त्या ट्रे असा मांडायच्या की फोटो काढावा. कात्र्या एका ओळीत, चिमटे एका ओळीत, लहानापासून मोठ्यापर्यंत. आणि डॉक्टरांचा हात मागायला आला की शोधाशोध. मी त्यांना म्हणायची, बयांनो, ट्रेकडे बघू नका, हाताकडे बघा. पहिल्यांदा तो कुठे जातो? जाऊन रिकामा परत येतो का? थबकतो का? जिथे हात थबकला तिथे तुमची चूक.

आमच्याकडे एक डॉक्टर आले होते, डावखुरे. सहा महिने ते दर वेळी मनगट वाकडं करून कात्री उचलायचे. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. चिडचिडा माणूस म्हणून नाव पडलं होतं. मी एका सोमवारी ट्रे उलटा फिरवला, मुठी त्यांच्या डाव्या हाताकडे. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी डॉक्टर काम करताना शीळ घालत होते. मग सगळ्या वॉर्डात चर्चा, यांच्या घरी काय आनंदाची बातमी आहे म्हणून.

हे लक्षात ठेव. बारीक गोष्ट नीट केली की ती दिसत नाही, फक्त माणूस शीळ घालतो.

अण्णांना राहवत नाही. म्हणतात, त्यांच्या खिळ्यांच्या पेटीतही तसंच असायचं. काना सगळ्यात मोठ्या खणात, अगदी हाताशी, कारण तो सारखा लागतो. आणि 'ङ' पार कोपऱ्यात, वर्षभर धूळ खात. म्हटलं, अण्णा, हे पदरचं झालं. म्हणाले, तुम्ही ऐकलंत आणि हं म्हणालात, म्हणजे तुमचं झालं. छापखान्यातली माणसं वकिलांपेक्षा वाईट.

तुला अभ्यास देते. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या मागे उभी राहा, त्याच्या हातात तुझी ती खोली दे, आणि स्वतःचं तोंड बंद ठेव. तोंड बंद ठेवणं हा अभ्यासातला अवघड भाग, तुझ्यासाठी तर फारच. "इथे दाबा आजोबा" म्हणालीस की नापास. फक्त हात बघ. लहानपणी फरशीवर पालथी पडून तासतासभर मुंग्यांची रांग बघायचीस, म्हणून तर मुंगी नाव पडलं. नजर बारीक आहेच तुझी. ती मोठं झाल्यावर कुठेतरी ठेवून विसरलीस, एवढंच.

बाटल्यांच्या गाठींची गोष्ट तुला तोंडपाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही.

माझ्यासाठी केलेलं गोळ्यांचं ॲप छान आहे. हिरवं आहे.

तुझ्या आईने नवे पडदे लावले आहेत, खिडकीचे. रंग मला आवडला नाही, पण सुनेला तसं सांगायचं नसतं, म्हणून तुला सांगते.

तुझी,
आजी
(खाली अंगठा माझा आहे. शाईचा डाग पडला तो अण्णांचा.)


१६ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. तू कशी आहेस ते या वेळी खरंच विचारते आहे.

तुझं पत्र आलं. अण्णांनी दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा आवाज चढवून, नाटकातल्यासारखं. तुझी आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

अभ्यास केलास, हे ऐकून बरं वाटलं. दवाखान्याच्या बाकावरचे ते आजोबा मोबाइल डाव्या हातात धरून उजव्या करंगळीने टोचतात, आणि टोचताना अंगठा खालच्या कडेला टेकतो, आणि भलतंच उघडतं, हे तू बघितलंस. आणि तीन वेळा बोलायला तोंड उघडून मिटलंस. शाबास. मग खालची कड मोकळी ठेवलीस, अक्षरांमधली जागा वाढवलीस, गोळीच्या चित्रावर गोळीची खरी चीर काढलीस. मॅडम "बरं" म्हणाल्या. तू लिहितेस की त्या "बरं" कधीच म्हणत नाहीत. आमच्या मोठ्या सिस्टरही तशाच. एकतीस वर्षांत मला त्यांच्याकडून दोन "बरं" मिळाले, दोन्हींच्या तारखा मला आठवतात.

आता तुझ्या दुसऱ्या बातमीविषयी.

अठ्ठावीस तारखेला तू मोठ्या लोकांपुढे बोलणार, आणि त्यांना पटलं तर हे ॲप तीन दवाखान्यांतल्या नऊशे म्हाताऱ्यांना देणार. बातमी चांगली आहे. सुरुवात माझ्या गाठींच्या गोष्टीने करणार आणि शेवटी माझं कॅलेंडर दाखवणार, असं लिहिलंस. दहा जानेवारीपासून त्रेसष्ट दिवस, त्रेसष्ट हिरवे गोल. "माझ्या आजीला अक्षर येत नाही, पण तिची एकही गोळी चुकली नाही," असं म्हणणार.

मुंगे, माझं काढू नकोस तिथे.

लाजते आहे असं समजू नकोस. लाजायचं वय गेलं. दुसरं कोणी घे ना. त्या करंगळीवाल्या आजोबांना घे. माझं कॅलेंडर दाखवण्यासारखं ते काय. म्हातारीने गोळ्या खाल्ल्या, त्यात काय पराक्रम?

एक विचारायचं होतं. घंटा वाजते तेव्हा मधोमध हिरवा गोल येतो, त्यात गोळी आणि बरोबरची खूण, ते मला कळतं. त्याच्या खाली फिकट राखाडी असं काहीतरी असतं, बारीक, मुंग्या चालल्यासारखं. ती नक्षी आहे का? असली तर छान आहे. मी सहज विचारते.

हवा बरी आहे. समोरच्या घराला रंग काढताहेत. शिडीवरचा माणूस दिवसभर तीच ओळ गुणगुणतो, पुढची त्याला येत नाही.

अण्णा विचारताहेत, "वहिनी, हाताच्या प्लास्टरचं लिहू का? पोरीला कळायला हवं." मी म्हटलं, काही गरज नाही. अठ्ठावीस तारखेपर्यंत कोणी काही बोलायचं नाही असं घरात ठरलं आहे. आता हेही लिहिताय की काय? म्हणतात, "तुम्ही बोललात, मी लिहिलं, अट तुमचीच." खोडा म्हटलं ते. म्हणाले, खोडलं. पेन फिरवल्यासारखं तर दिसलं.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
आजी
(अंगठा)


२२ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

अण्णांनी खोडलं नव्हतं. तुझे परवापासून अकरा फोन आले तेव्हा कळलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. ते म्हणाले, "एक बारीक रेघ मारली होती वहिनी, खालचं वाचता येईल अशी." बघ. कागदावर रेघ होती, मला वाटलं झालं. मला वाचता येत नाही म्हणजे खूण बघून मी विश्वास ठेवते. हे वाक्य ध्यानात ठेव, पुढे लागेल.

फोन मी घेतले नाहीत, कारण तू रडली असतीस आणि मी "काही नाही गं" म्हणाले असते, आणि ते तिथेच संपलं असतं. पत्रात "काही नाही गं" म्हटलं तरी समोरून कोणी "बरं मग" म्हणत नाही. आईवर चिडू नकोस, तिला मीच गप्प बसवलं होतं. कॅमेरा धडधाकट आहे.

डावं मनगट मोडलं आहे. सतरा फेब्रुवारीला सकाळी मोरीपाशी पडले. प्लास्टर महिन्याअखेर निघेल. दुखणं थांबलं, आता नुसती खाज सुटते, आणि अण्णांची पट्टी आत घालून खाजवते. ती पट्टी त्यांना परत नको आहे.

घरात सगळ्यांना मी सांगितलं की फरशी ओली होती. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. फरशी कोरडी होती.

आता अण्णा, हळू लिहा.

तुझी घंटा सकाळी साडेआठला वाजते. त्या वेळी तुझे आईबाप नुकतेच कामावर गेलेले असतात आणि माझे हात भांड्यांत असतात. घंटा काही थांबत नाही. आणि थांबवली नाही तर तुझ्या बापाला निरोप जातो, मग त्याचा ऑफिसातून फोन, "आई, गोळी?" असा, जसं काही मी त्याची वही हरवली आहे. पहिल्या आठवड्यात दोनदा झालं. मग मला युक्ती सापडली. ओल्या बोटाने हिरवा गोल दाबायचा. घंटा बंद, बाप गप्प, तिकडे तू खूश. गोळी काय, हात पुसून घेऊ.

बहुतेक दिवशी घेतली. काही दिवशी हात पुसेपर्यंत कोणीतरी दार वाजवलं, की राहिली. दुपारी मोबाइलमध्ये बघायची तर गोल हिरवा. वाटायचं, हिरवा आहे म्हणजे घेतली असणार. असे सात दिवस मला पक्के आठवतात. न आठवणारे किती, देव जाणे.

सतराला उलटं झालं. त्या दिवशी हात पुसून गोळी घेतली होती मी. तासाभराने आठवेना. मोबाइल बघितला, हिरवा. पण तो हिरवा मीच दाबलेला, मलाच त्याचा भरवसा कसा यावा? चोराला स्वतःच्या कुलपाची खात्री नसते. म्हटलं, राहिली असेल, घेऊन टाकू. रक्तदाबाची गोळी, तासाभरात दोन. मग मोरीपाशी डोळ्यांपुढे अंधार आला.

तू कॅलेंडर उघड आणि सतरा फेब्रुवारी बघ. हिरवागार आहे.

पडल्यापासून गोळी तुझी आई कामावर जाण्याआधी हातावर ठेवते, कारण एका हाताने मला ती पाकिटातून फोडता येत नाही. घंटा वाजते तेव्हा गोळी कधीच पोटात गेलेली असते. तरी मी गोल दाबते. तो गोल आता फक्त तुझ्यासाठी.

ती राखाडी नक्षी मी शेवटी अण्णांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं, "नंतर आठवण करा." म्हणजे हे बटण आहे तर. तेच दाबलं असतं तर घंटा गप्प बसली असती, बापाला निरोप गेला नसता, आणि हात पुसल्यावर ती पुन्हा वाजली असती. मला हवं होतं ते सगळं तिथे होतं, दहा जानेवारीपासून. सबंध पडदा तू चित्रांचा केलास, माझ्यासाठी, आणि तेवढी एक ओळ अक्षरांत राहिली. मला वाटलं, नातीने हौसेने वेलबुट्टी काढली.

यात तुझी चूक एवढीच, एका ओळीची. बाकीची माझी. नक्षी आहे का हे मी दहा जानेवारीलाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं, कारण तू म्हणाली होतीस, "आजी, तू एक नंबर शिकलीस." आम्हाला एक नंबर कोणी म्हणत नाही गं. चटक लागते.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. म्हणतात, "वहिनी, पुरे आज." पुरे नाही. उचला.

गाठींची गोष्ट तुला येते ती अशी: मावशीला वाचता येत नव्हतं, पण डोकं होतं. तिने प्रत्येक बाटलीच्या मानेला दोरा बांधला. मिठाच्या पाण्याला एक गाठ, कडक औषधाला तीन. न बघता नुसत्या बोटांना कळायचं. मोठ्या सिस्टर "बरं" म्हणाल्या आणि सगळ्या वॉर्डांत गाठी सुरू झाल्या. तू शाळेत ही गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या आहेस.

गोष्ट त्याच्या आधी सुरू होते. ती मी कोणालाच सांगितली नाही, तुझ्या आजोबांनासुद्धा.

दोन्ही बाटल्या सारख्याच असायच्या, तपकिरी. मी त्या झाकणावरून ओळखायची. कडक औषधाचं झाकण लाल, ते पाण्यात मिसळूनच वापरायचं. मिठाच्या पाण्याचं पांढरं. एकदा नवा माल आला त्यात दोन्हींची झाकणं पांढरी. लेबलावर लिहिलेलं होतंच. कामाला लागताना मी "थोडंथोडं वाचता येतं" असं सांगितलं होतं, नाहीतर आत घेतलं नसतं. तेव्हा विचारणार कोणाला? अंदाजाने एक बाटली ट्रेवर ठेवली.

त्या दिवशी एक नवी सिस्टर होती, तुझ्याच वयाची. तिने बाटली उचलली आणि जखमेवर ओतली. लेबल वाचलं नाही, कारण सगळे सांगायचे की मावशीचा ट्रे कधी चुकत नाही. ट्रेवर आहे म्हणजे बरोबरच, हा तिचा हिरवा गोल होता. बाईच्या पोटाची कातडी भाजली. तीन आठवड्यांनी बरी झाली ती, डाग राहिला.

चौकशी झाली. मला विचारलं, "मावशी, लेबल बघून ठेवली होतीस का?" मी म्हटलं, "हो, बघून." खोटंही नव्हतं, बघितलं होतंच मी. मग ओतायच्या आधी वाचणं हे सिस्टरचं काम, असं ठरलं आणि आठ दिवसांत त्या मुलीला काढलं. जाताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, माझ्यामुळे तुम्हालाही चौकशीला उभं राहावं लागलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाच हात, उजवा.

पहिली गाठ मी त्याच्या पुढच्या सोमवारी बांधली.

लोक म्हणाले हुशारी. मी म्हणू दिलं. तीस वर्षं म्हणू दिलं, आणि तू लहान असताना मीच तुला मीठ लावून सांगितली ती गोष्ट. पण तू ती आता नऊशे लोकांच्या दारात उभी करणार म्हणालीस, खोट्या कॅलेंडरासकट, आणि मला त्या मुलीची पाठ आठवली. एकदा गप्प बसले, पुन्हा बसवत नाही. त्या नऊशेंतल्या किती जणींचे हात साडेआठला भांड्यांत असतील?

आता तू काय करायचंस ते ऐक. टेबल आवरून घरी यायचं नाही. इथे जागा नाही, तुझ्या खोलीत तुझ्या आईने जुने पडदे भरून ठेवले आहेत. अठ्ठावीसला जायचं. माझं कॅलेंडर दाखवायचं, सगळे त्रेसष्ट, आणि म्हणायचं की हे दिसतं तसं नाही. सतरावर बोट ठेवायचं. मग ती राखाडी ओळ मोठी करून दाखवायची आणि ती कशी बदललीस तेही दाखवायचं. पत्र पोचल्यावर दोन-तीन दिवस उरतील, एका बटणाला पुष्कळ झाले. आणि दाबलेला गोल चुकून दाबला असेल तर परत पुसता यावा, अशी काहीतरी सोय कर. माणसाला खरं बोलायला जागा ठेवावी, नाहीतर तो खोटं बोलून मोकळा होतो.

तरी ते लोक नको म्हणाले तर नको. शीळ घालणारे डॉक्टर मला सहा महिन्यांनी मिळाले होते.

अण्णा डोळे पुसताहेत आणि म्हणताहेत की चष्म्याची काच खराब आहे. हे मी मुद्दाम लिहायला लावते आहे. अट म्हणजे अट.

आता मला तुझी भीती वाटते, एवढं एकच सांगायचं राहिलं. मोठ्या माणसांच्या फार गोष्टी तू ऐकल्यास, आणि त्यांतली एक खोटी निघाली. रागावलीस तरी चालेल. पण फोन कर. या वेळी घेईन, आणि कॅमेरा लावून घेईन.

या पत्राखाली अंगठा देत नाही. अंगठा मी नोकरीच्या कागदावर दिला होता आणि चौकशीच्या कागदावरही, आणि दोन्हींत काय लिहिलं होतं ते मला आजवर माहीत नाही. त्याऐवजी कागदाला भोक पाडून दोरा ओवला आहे आणि त्याला गाठ मारली आहे. एक हात आणि दात लावून मारली, म्हणून सैल आहे. आजीची आहे म्हणून तशीच चालवून घेऊ नकोस. सोड आणि नीट बांध.

तुझीच,
आजी